दोरंगी टेलर्स

बाप गोरा खलाशी, आई इथलीच काळीसावळी. म्हणून गल्लीने शिंप्याला पाळण्यातच 'दोरंगी' करून टाकलं. तोही असा बिलंदर, की दुकानाच्या पाटीवर तेच नाव रंगवून घेतलं. कुणी तशी हाक मारली की म्हणायचा, "कापड दोन रंगांचं, पण शिलाई एकाचीच हो!" लोक खूश, धंदा जोरात.

दुकानाची रीत अशी, की तयार कपड्यावर गिऱ्हाइकाच्या टोपणनावाची चिठ्ठी टाचायची. टकल्या, ढेरपोट्या, भांडकुदळ मावशी. ही बारशी करायचा काजं-बटणं करणारा त्याचा जुना दोस्त.

एके दिवशी शिंप्याच्या नातीचा शाळेचा फ्रॉक तयार झाला आणि दोस्ताने चिठ्ठी टाचली: 'छोटी दोरंगी'. मशीनवरचा शिंप्याचा पाय थबकला. त्याने कात्री उचलली, ठेवली, घोटभर पाणी घेतलं, पुन्हा कात्री उचलली.

"ती चिठ्ठी काढ."

"का रे बाबा? जुना शब्द आहे, शिवी थोडीच! तूच तर जन्मभर हसत आलास."

"हसलो नसतो, तर तुम्ही थांबला असतात?"

दोस्ताच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या त्याने एकेक करून डबीत टाकल्या.

एवढ्यात नात आली. फ्रॉक अंगाला लावून पाहत म्हणाली, "आजोबा, वर्गात मला आपल्या पाटीवरच्या नावाने हाक मारतात. मीपण तुमच्यासारखीच हसले."

शिंप्याने स्टूल उचललं आणि पाटी उतरवायला तो बाहेर गेला.