उधारीचा भाव

बोईसरला आमचा खोक्यांचा कारखाना होता तोवर घरात सगळं वहीवर यायचं. किराणा, दूध, नवापूरच्या कोळणीची मासळीसुद्धा. महिनाअखेर कारखान्यातला माणूस येऊन हिशेब चुकता करायचा. भाव विचारणं मला कमीपणाचं वाटे.

मग कारखान्याचं दिवाळं निघालं आणि वह्या बंद झाल्या. कामगारांच्या पगाराची कोरी पाकिटं तेवढी गठ्ठाभर उरली. नवऱ्याला पालघरला नोकरी लागली, तेव्हा त्याचा पहिला पगार आम्ही त्याच पाकिटांत वाटला. एक भाड्याचं, एक दुधाचं, एक शाळेचं. मासळीचं पाकीट सगळ्यांत हलकं.

रविवारी कोळीण दारात आली. मी आधीच सांगून टाकलं, "आजपासून रोख. बोंबलांचा एक वाटा दे, बास."

तिनं बोंबील बाजूला सारले, पापलेटांची जोडी पुढे ठेवली आणि असा भाव सांगितला की माझ्या पाकिटातून पैसे उरले असते. तिला माझी कीव आली असं वाटून मी फणकारले, "मला धर्माचं नको."

"धर्माचं कसलं, बाय? हा रोखीचा भाव हाय. तुमी कदी इचारलाच नाय."

दुपारी जेवताना नवऱ्याला हे सांगितलं, तर हसता हसता त्याला ठसका लागला. आवाज ऐकून शेजारीण आली. काय झालं, म्हणाली.

मी म्हटलं, "दिवाळं निघाल्यापासून आम्हाला पापलेट परवडायला लागलंय."