पिवळ्या झग्याचं पांढरेपण

मावशी रंगारीण होती, पण तिचा एकही रंग कधी कुणाला दिसला नाही. एकोणिसाव्या वर्षी ती सिनेमाच्या स्टुडिओत लागली आणि तिथल्या रंगखोलीत सोळा वर्षं कपडे रंगवत राहिली. सगळे सिनेमे कृष्णधवल.

"त्यांना रंगारी कशाला लागतोय?" लोक विचारायचे. मावशी न कंटाळता सांगायची. पांढरंशुभ्र कापड दिव्यांखाली इतकं चमकतं की चेहराच दिसेनासा होतो, म्हणून ते फिकट पिवळ्या रंगात बुडवायचं. काळ्या कोटाच्या घड्या उमटत नाहीत, म्हणून तो किरमिजी करायचा. तोंडाला हिरवट लेप, ओठांना तपकिरी रंग, आणि रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक. घरचे माना डोलवायचे आणि तिची पाठ फिरली की म्हणायचे, "झाल्या हिच्या थापा सुरू!"

पुढे भाच्याच्या कंपनीला त्यातलाच एक सिनेमा रंगीत करायचं काम मिळालं. मावशीनं ट्रंकेच्या तळातून जाडजूड वही काढून त्याच्यापुढे ठेवली. पानापानावर कापडाचा तुकडा टाचलेला, खाली प्रसंगाचा नंबर आणि लेपाचा, रक्ताचा रंगही लिहिलेला.

भाचा उडालाच. "मावशे, हा तर पुरावाच! सगळे खरे रंग टाकतो. आणि सिनेमाच्या सुरुवातीला तुझं नाव झळकवतो, 'मूळ रंग' म्हणून. बघू आता कोण थापा म्हणतंय!"

मावशीला त्या रात्री झोप आली नाही.

महिनाभर राबून त्यानं आधी शेवटचा प्रसंग रंगवला. नायिकेला गोळी लागते आणि ती नायकाच्या मांडीवर प्राण सोडते, तो. मावशीला ऑफिसात बोलावून पुढची खुर्ची दिली. मागे साहेब आणि सगळी मंडळी.

पडदा उजळला. किरमिजी कोटातला नायक, त्याच्या मांडीवर पिवळ्या झग्यातली नायिका. चेहऱ्यावर हिरवट लेप, ओठ तपकिरी, छातीवर चॉकलेट.

"हिला गोळी लागलीय की कावीळ झालीय?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे खो खो हसले. साहेबसुद्धा.

मावशी तेवढी हसली नाही. "पहिल्या खेळाला याच जागी लोकांचे हुंदके ऐकलेत मी," ती भाच्याला म्हणाली.

"पण मावशे, रंग शंभर टक्के खरे आहेत. तुझ्याच वहीतले!"

"अरे शहाण्या, लोकांना पांढरा दिसावा म्हणूनच तर तो झगा पिवळा केला होता ना? मग पांढरा कर. रक्त लाल कर."

"मग वहीतलं काय उरलं? साहेब तुझं नाव ठेवायचे नाहीत."

मावशी वहीतला तो पिवळा तुकडा बोटांनी चाचपत राहिली. घरातल्या एकेकाचं तोंड तिच्या डोळ्यांपुढून गेलं असावं.

"नसू दे नाव," ती म्हणाली. "ती मरताना कुणी हसायचं नाही. बस्स."

सिनेमा लागला तेव्हा भाचा तिला दुपारच्या खेळाला घेऊन गेला. सुरुवातीला नावं येऊन गेली, तिचं नव्हतंच. शेवटच्या प्रसंगाला मात्र थिएटर चिडीचूप झालं आणि मग इथून तिथून नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले.

दिवे लागले. शेजारची अनोळखी बाई डोळे पुसत मावशीला म्हणाली, "काय तो पांढराशुभ्र झगा हो! अगदी दुधासारखा."

भाचा तोंड उघडणार, तोच मावशीनं त्याला जोरात चिमटा काढला.

"हो ना," ती खुशीत म्हणाली. "किती जपावा लागला असेल बिचाऱ्यांना!"