कोरड्या नळाचं गाऱ्हाणं

त्या रविवारी फाइल काखेत मारून मी मुलुंडच्या डोंगरावरच्या चाळीत गेलो, तो भांडायच्या तयारीनेच. वॉर्ड ऑफिसात मी पाणी खात्याचा ज्युनियर इंजिनियर. आमचे नगरसेवक परबअण्णा, त्यांचा निरोप होता की वरच्या चाळीत गाऱ्हाणं आहे, साहेबांनी यायलाच हवं. मी जळगावचा. माझ्या लेखी गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. म्हटलं, सुट्टीच्या दिवशीही डोकं खाणार हे लोक.

तक्रार तशी खरीच होती. वरच्या चाळीला नवा नळ बसवला होता, पण त्यातून नुसती हवा यायची. लाइन एकच. पाणी सुटलं की आधी खालच्या चाळी भरून घ्यायच्या, मग वर चढण्याइतकं प्रेशर उरायचंच नाही. बाया हंडे घेऊन खाली उतरायच्या. एक गरोदर पोरगी पायऱ्यांवरून घसरली. ती वाचली, पोटातलं मूल गेलं. त्यानंतर त्या चाळीचं नाव निघालं तरी मला कसंतरी व्हायचं. तरी ऑफिसात माझी टेप तीच, पंप मंजूर झाला की बघू.

वर पोचलो तर कोरड्या नळासमोर विडा, नारळ, आणि अख्खी चाळ हात जोडून उभी. सगळ्यांच्या पुढे अण्णा, पूर्वीचे गिरणीतले जॉबर, म्हणजे मुकादम, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. मालवणी माणसाचं गाऱ्हाणं म्हणजे देवाला घातलेलं साकडं, हे मला तिथे कळलं. फाइल काखेतच राहिली.

"बा देवा म्हाराजा, ह्यो सायब आज आपल्या दारात इलो हा. तेच्या हातून पाणी वर येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे एका सुरात.

देवाला मध्ये घालून या माणसाने मला पार अडकवलं होतं. राग आला, हसूही आलं. अण्णांना बाजूला घेऊन मी आधी म्हटलं, आमच्या जळगावला गाऱ्हाणं म्हणजे नुसती तक्रार. मग सांगितलं की पंपाशिवाय एकच मार्ग आहे. खालच्या चाळींकडे जाणाऱ्या फाट्याची चावी, म्हणजे व्हॉल्व्ह, सुरुवातीला बंद ठेवायची आणि आधी वर पाणी चढवायचं. पण मग खालच्यांचा वेळ कापला जाणार. खाली अण्णांचं स्वतःचं घर होतं. त्यांची बहुतेक मतंही खालचीच.

"अण्णा, निवडणूक तोंडावर आलीय. वाट लागेल तुमची."

"तां माझां मी बघतंय. तुमी चावी फिरवा."

मग ते खालच्या चाळीत दारोदार फिरले, शिव्या खाल्ल्या. बायकोने अबोला धरला म्हणे. माझे बॉस कुरकुरले, पण ट्रायल म्हणून हो म्हणाले. चावी फिरली आणि वरच्या नळाने आधी बराच वेळ खोकून मग धार धरली. पहिली कळशी त्या पायऱ्यांवरून घसरलेल्या पोरीला भरू दिली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

निवडणुकीत अण्णा पडले. खालच्यांनीच पाडलं. मला फार वाईट वाटलं, भेटायला जायचंही धाडस होईना.

पुढच्याच सोमवारी ऑफिसात आलो तर बाहेरच्या बाकावर, बाकीच्या लोकांत, अण्णा बसलेले. नगरसेवक असताना थेट आत यायचे.

"आत का नाही आलात?"

"आता साधो माणूस मी. खालच्या चाळीक पाणी कमी पडता, तां सांगूक इलंय. ह्यां गाऱ्हाणां तुमच्या जळगावचां."

पद जातं, सवय जात नाही. मी चावीवाल्याला हाक मारली, आणि अण्णांना म्हणालो, "व्हय म्हाराजा."