तातूला मिळालेला रस्ता

नोकरी संपली की घरात जुन्या छत्र्या साठतात आणि डोक्यात किस्से. छत्र्या कोणी मागत नाही, किस्से मात्र लोक मागून मागून ऐकतात. माझे बहुतेक किस्से कट्टा गावच्या ऑफिसातले, स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील तेव्हाचे. साहेब पुण्याचे, अर्थशास्त्राचे एम.ए., आणि मी त्यांचा एकुलता एक कारकून. वाडी सोडून माणूस बाजारात, रस्त्याकडेला राहायला आला तर त्याची कमाई वाढते का, हे सरकारला हवं होतं. साहेबांनी ‘वाढते’ असं दाखवलं, तर खाडीकाठच्या सगळ्या वाड्यांना हळूहळू रस्त्यालगत जागा मिळणार होत्या. त्यात साहेबांचा जीव अडकला होता. मनाने फार चांगला माणूस!

*

पहिलेच भेटले कसालच्या पेठेतले कासमभाई, नारळ-सुपारीचे व्यापारी. माडीचं घर, दारात स्वतःची बैलगाडी. साहेब खूश, वाडीतून पेठेत आले आणि बरकत आली!

कासमभाई सुपारी कातरत म्हणाले, “साहेब, कसालात इलंय म्हणान कमावलंय नाय. कमावलंय म्हणान कसालात इलंय.”

साहेबांनी ठरवलं, असली माणसं हिशेबातून वेगळी काढायची. वेगळी काढता काढता आमच्याकडे पेठेतलं कोणी उरेना.

*

खाडीकाठी उलटाच प्रकार. सगळी वाडी गवताने शाकारलेली आणि मधेच मंगलोरी कौलांचं एक घर, चंद्राक्काचं. मुलगा कुठे राहतो, असं साहेबांनी विचारलं. तर म्हणे इथेच. मग दिसत कसा नाही? तर सध्या आगबोटीवर, एडनच्या वाटेवर.

म्हणजे तो इथे राहत नाही, असं साहेब म्हणाले मात्र, चंद्राक्का भडकली. त्याची खाट इथे, त्याचं ताट इथे, गणपतीला येतो तो इथे, मग राहतो कुठे, पाण्यात? समुद्रातली कमाई कुठल्या वाडीच्या नावावर घालायची, या विचारात साहेबांचा अख्खा रविवार गेला.

*

मग कळलं, इकडे घर हलवायचं तर आधी देवाला कौल लावतात. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर थांबायचं. साहेब हरखले. म्हणजे माणूस आपण होऊन निवडतच नाही, देव निवडतो!

डावी पडलेले लोक पुढे काय करतात, असं त्यांनी गुरवाला विचारलं.

“सोमवारी परत येतत,” गुरव म्हणाला.

*

त्याच दिवसांत साहेबांनी स्वतः दोनदा बिऱ्हाड बदललं. एकदा मासळीबाजाराच्या वासामुळे, एकदा वहिनींना शेजार पटला नाही म्हणून. मी सहज विचारलं, साहेब, तुमची कमाई कुठल्या शेजारात धरायची? त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

*

शेवटी सरकारकडून एका वाडीपुरत्या जागा आल्या. थोड्या रस्त्यालगत, बाकीच्या मागे उतारावर. साहेबांनी ठणकावलं, आता निवडानिवड बंद, चिठ्ठ्या टाकायच्या!

द्रौपदीबाईला पुढची जागा हवी, हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं. नवरा समुद्रात बुडून गेलेला, पदरात दोन मुली. पण हाताला अशी चव की तिची घावणं खायला बसचे ड्रायव्हर वाट वाकडी करून वाडीत यायचे. रस्त्यावर हॉटेल निघालं तरच मुलींची शाळा चालू राहणार होती. तिची चिठ्ठी उघडली, तर जागा मागची. तिने पदराने नुसतं तोंड पुसलं. मला फार वाईट वाटलं. साहेबांनाही वाटलं, पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

रस्त्यालगतची एक जागा निघाली तातूला. तातू असा, की माडाला टेकून बसला तर माडानेच कंटाळून बाजूला व्हावं.

पावसाळ्यानंतर आम्ही मोजणीला गेलो. रस्त्यावर द्रौपदीबाईचं हॉटेल धडाक्यात चाललेलं, बाकावर बसायला जागा नाही. तातू मागे उतारावर आडवा. बाकीच्यांनीही जागा आपापसात बदलून घेतलेल्या. ज्याच्या अंगात धंदा तो पुढे, बाकीचे मागे!

साहेब रडवेले झाले. तुला रस्ता मिळाला होता, तुझी कमाई वाढते का हेच मला बघायचं होतं, असं तातूला परत परत सांगू लागले.

तातूने पडल्या पडल्या त्यांच्याकडे दयेने बघितलं.

“साहेबानु, मी थंय ऱ्हवाक गेलंय तर माझी कमाई वाढाची नाय. रस्त्याची मात्र कमी होतली.”