चौकातला फ्लेक्स

बायको बी.ए. झाली तेव्हा आमची मुलगी बारावीला होती. लग्नामुळं बायकोचं शिक्षण दहावीलाच तुटलं होतं. पुढं पोरगी मोठी झाल्यावर ती मुक्त विद्यापीठातून शिकली. रविवारी कर्जतला तासाला जायची, एरवी गोठा आणि चूल उरकून वाचायची. निकाल लागला आणि मिरजगावच्या चौकात तिचा फ्लेक्स लागला. फक्त तिचा फोटो, नाव आणि 'हार्दिक अभिनंदन'. माझा नाही, भावकीतल्या कुणाचाच नाही.

संध्याकाळी वस्तीवर मांडव घातला. जिलेबीची कढई तापली होती, पाहुणे जमत होते. तेवढ्यात थोरला भाऊ आला. आमचं अंगण एकच, त्याचं घर पलीकडच्या अंगाला. एका हातात कोयता, दुसऱ्या हातानं तो फ्लेक्स फरफटत आणत होता. फोटोतल्या तोंडावर वार केलेले होते.

"घरातली बाई चौकात टांगतो? लाज न्हाई वाटली?"

"दादा, तिनं काय चोरी केली का?"

त्यानं मला आईवरून शिवी दिली. आमची दोघांची आई समोर बाजेवर बसली होती.

मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचे दात माझ्या बोटांत रुतले. दोघं मांडवाच्या खांबावर आदळलो, खांब निसटला, बाया किंचाळल्या. कोयता कुठंतरी पडला. त्यानं माझे केस धरून डोकं जमिनीवर आपटलं, एकदा, परत एकदा. चाचपडताना हाताला आचाऱ्याचा झारा लागला. तो तेलातून नुकताच काढलेला होता. मी तो त्याच्या कानावर हाणला. कातडी चरचरली. तो गुरासारखा ओरडला आणि मी परत हाणला. मला थांबायचंच नव्हतं.

तो उठला तो कोयता घेऊनच. त्यानं हात वर केला आणि बायको मधे आली. तिनं पातंच मुठीत धरलं. रक्त कोपरापर्यंत ओघळलं, नव्या साडीवर सांडलं.

"भावजी, फ्लेक्स मी लावायला सांगितला," ती म्हणाली. "हे तर नकोच म्हणत हुते."

खरं होतं ते. तिला कुणी बोल लावू नये म्हणून मीच लावला असं गावभर सांगत होतो.

भावानं मोकळ्या हातानं तिच्या कानाखाली वाजवली. तिनं पातं सोडलं नाही. तेवढ्यात मागून वहिनी आली, त्याची बायको. आयुष्यभर मुकाट मार खाल्लेली बाई. तिनं चुलीजवळचं लाकूड उचललं आणि त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. कोयता खाली पडला. तिनं तो उचलून विहिरीत फेकला.

"आता मारा," ती नवऱ्याला म्हणाली.

तो मटकन खाली बसला आणि रडायला लागला.

दवाखान्यात आम्ही एकाच जीपमधून गेलो. तो पुढं, आम्ही दोघं मागं. बायकोच्या तळहाताला टाके घालताना नर्सनं विचारलं, "कसला कार्यक्रम होता हो?"

"मी बी.ए. झाले," बायको म्हणाली. ओठ दातांखाली दाबून धरला होता, पण सांगितलं.

पोलिसांत तक्रार तिनंच दिली. आईनं हात जोडले, भावकी येऊन बसली, तरी मागं घेतली नाही. वहिनी त्या घरात परत गेली नाही. पाथर्डीला माहेरी असते, बायकोला रोज फोन करते. अंगणात आता मधोमध पत्रे ठोकलेत. पलीकडं भाऊ खोकला की ऐकू येतं. बोलणं नाही.

बायकोची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. भाकरी मी थापतो. जाड होतात, कडेला कच्च्या राहतात. पोरगी कुरकुरत खाते.