रबराच्या चिकात बुडवलेला लॅक्टोमीटर

दूध तपासायचा लॅक्टोमीटर मी रबराच्या चिकात बुडवला आणि एका सरळ माणसाला चोर ठरवलं.

स्वातंत्र्याला आठेक वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर, पत्र्याच्या शेडमध्ये आमची कंपनी रबरी हातमोजे बनवायची. पांढऱ्या चिकात चिनी मातीचे पंजे बुडवायचे, वाळवायचे, मोजा सोलून काढायचा. मी तपासनीस. तळाला बारीक भोक असलेल्या कपात चीक भरायचा आणि तो किती वेळात गळतो ते घड्याळावर पाहायचं. सकाळी तो सावकाश गळे. दुपारी त्याच पिंपातला चीक पळत सुटे. मोजे पातळ निघत आणि टराटरा फाटत.

दिवसभर पिंपापाशी एकच माणूस: गावातला शेतकरी, हंगामी कामगार, महिनाअखेरीस कायम व्हायचा होता. घरी चार म्हशी. दुधाचे रतीब घालून कामावर यायचा. दूधवाला, आणि पातळ झालेला पांढरा माल! मला आणखी पुरावा कशाला? तो नळावर हात धुवायला गेला तरी मी खांबाआडून पाहायचो. पाणी घालताना तो कधी सापडला नाही. त्यावरून तो किती मुरलेला आहे, हेही मी ताडलं.

शेवटी डेअरीतल्या मेहुण्याचा लॅक्टोमीटर आणला; दुधात पाणी जितकं जास्त, तितका तो खोल बुडतो. दुपारच्या चिकात तो थेट तळाला गेला. त्या माणसाला घेऊन मी मोठ्या साहेबांपुढे उभा.

"निम्मं पाणी आहे, साहेब. काढा याला."

तो शांतपणे म्हणाला, "सकाळच्यातबी बुडवा की."

सकाळचा नमुना बाटलीत होता. त्यातही लॅक्टोमीटर बुडाला.

"रबर पाण्याहून हलकं असतं, रावसाहेब. पाणी घातलं नाही तरी चिकात हा बुडणारच," मोठे साहेब म्हणाले. मग त्यांनी ती बाटली बूच लावून गरम पाण्यात ठेवली. चीक कपातून पळाला. तोच चीक परत बाटलीत भरून, बाटली माठातल्या पाण्यात ठेवून गार केला; पुन्हा सावकाश.

"रबराचे मऊ कण पाण्यात तरंगत असतात. तापलं की ते पाणीच सैल होतं, कण एकमेकांवरून भराभर सरकतात. वरून घातलेलं पाणी गार केल्यावर परत निघून जातं का हो?"

त्यांनी त्याच्या कायमच्या कागदावर तिथंच सही ठोकली. बाहेर आल्यावर मी म्हणालो, "चुकलं माझं, राव."

"म्हैनाभर माझ्या तोंडाकडं बघत बसला तुमी," तो म्हणाला. "येकदा पिंपाला हात लावून बघायला काय झालं हुतं?"