वारं फिरलं त्या दिवशी

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. घरी गुरं आणि थोडी नाचणी. मी मात्र खाली किनाऱ्यावर मुंबईहून येणाऱ्या लोकांना सर्फिंग शिकवतो.

मे महिन्याच्या शेवटी वडील पहिल्यांदाच माझं काम बघायला आले. आल्या संध्याकाळी मी त्यांना ऐटीत सगळं समजावलं. हिवाळ्यात समुद्र सपाट असतो, उन्हाळ्यात लाटा वाढतात. पहाटे जमिनीकडून वारा असतो तोवर लाट नीट उभी राहते. पावसाळी वारा लागला की लाटा वेड्यावाकड्या फुटतात, मग काम बंद.

सकाळी पाचजण फळ्या घेऊन तयार होते. वडील खांद्यावरचा टॉवेल सावरत जवळ आले. "अरे, वारं डोंगराकडनं नाय आज. पहाटेपासनं समुद्रावरनंच येतंय."

मलाही ते जाणवलं होतं. पण त्या लोकांसमोर त्यांनी सांगितलेलं मला झोंबलं. "बाबा, तुम्ही तुमची गुरं सांभाळा. समुद्राचं मला कळतं." कुणीतरी हसलं. मीही हसलो.

पंधरा मिनिटांत एका मुलीची फळी निसटली आणि पाणी तिला आत ओढू लागलं. मी तिच्यापर्यंत पोचलो, पण दोघांना बाहेर यायला अर्धा तास लागला. वाळूवर ती थरथरत होती. वडिलांनी आपला टॉवेल तिच्या अंगावर टाकला.

"तुम्हाला आधी कळलं नाही का?" तिनं विचारलं.

"समुद्राचा काही भरवसा नसतो," मी म्हणालो. वडील शेजारीच उभे होते.

जूनमध्ये काम बंद करून मी घरी आलो. गोठ्यात गुरांना वैरण देता देता वडिलांची माफी मागायची, असं रोज ठरवायचो. एक दिवस त्यांनीच विचारलं, "ती पोरगी बरी हाय ना?"

"हो," मी म्हणालो. तेही खोटंच. मी तिला एकदाही फोन केला नव्हता.

त्याच दुपारी रेंजसाठी पोलादपूरला उतरलो. एस.टी. स्टँडच्या पत्र्याखाली उभं राहून तिला सगळं सांगितलं. वारा फिरल्याचं मला कळलं होतं, वडिलांनी सांगितलंही होतं.

ती म्हणाली, "मी इतके दिवस समजत होते की चूक माझीच होती." आणि फोन ठेवला.

घरी येऊन वडिलांना सांगितलं, की तिला फोन आज पहिल्यांदाच केला, आणि ती काय म्हणाली तेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि खाली मान घालून वैरण पसरत राहिले.